महिन्याची सुई

पुणे-बेंगळुरू महामार्गाने कोल्हापूरकडे जाताना कऱ्हाड कुठे संपलं आणि मलकापूर कुठे लागलं, हे नवख्याला उमगत नाही. ढेबेवाडी फाट्यावर उतरणाऱ्यांना ते बरोबर ठाऊक असतं, कारण त्यातले पुष्कळजण दवाखान्यासाठीच आलेले असतात. 1984 साली मलकापुरात कृष्णा रुग्णालयाला जोडून वैद्यकीय महाविद्यालय निघालं, 2005 मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पाटण खोरं, शिराळा, वाळवा, कडेगाव या बाजूच्या माणसांना मोठ्या दवाखान्यासाठी दरवेळी पुणं गाठायची गरज उरली नाही. वैद्यकीय महाविद्यालय म्हटलं की मनोविकार विभाग आलाच. पण त्या विभागाकडे निघालेलं घर गावात खरं सांगून निघतंच असं नाही. डोळे दाखवायचेत, मणक्याचं दुखणं आहे, असं काहीबाही सांगून पहिली एसटी पकडली जाते.

हा लेख त्या पहिल्या एसटीने येणाऱ्या घरांसाठी आहे. त्यातही घरात स्किझोफ्रेनिया असलेल्यांसाठी.

या आजाराला मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात. शब्द थोडा फसवा आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, एका माणसात दोन माणसं राहतात. तसं काही नसतं. जवळ कुणी नसताना आवाज ऐकू येतात, शेजारपाजारचे आपल्यावर पाळत ठेवून आहेत अशी पक्की खात्री बसते, बोलता बोलता विचाराचा धागा तुटतो. दुसऱ्या बाजूने बोलणं, अंघोळ, मित्र, कामाची उमेद हळूहळू आटत जाते. आजार बहुधा ऐन विशी-पंचविशीत गाठतो, म्हणजे घराने ज्याच्यावर डोळे लावलेले असतात त्याच वयात. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये 12 राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात महाराष्ट्र नव्हता, पण आकडे आपल्यापासून फार दूरचे नसावेत. स्किझोफ्रेनिया आणि त्यासारखे गंभीर आजार आयुष्यात कधी ना कधी झालेल्यांचं प्रमाण 1.4 टक्के निघालं. अशा आजाऱ्यांपैकी साधारण चारांतले तीन उपचाराबाहेर होते.

उरलेल्या एकाचं काय होतं, ते बघू.

समजा, पाटण खोऱ्यातलं एक घर. मुलगा चोवीस वर्षांचा. सुरुवातीला बाहेरचं लागलंय म्हणून देवऋषी झाला, नारळ झाले, वर्ष गेलं. मग कुणीतरी शहाण्याने मलकापूरला पाठवलं. तीन आठवडे दाखल होता. आवाज थांबले, झोप लागू लागली, जेवण रुळावर आलं. घरी परतला, चार महिने शेतावर गेला. पाचव्या महिन्यात परत रात्र रात्र जागू लागला. आईने पांघरुणाच्या घड्या उलगडल्या तर आत गोळ्या सापडल्या. तिच्यासमोर पाण्याबरोबर घेतलेल्या, जिभेखाली धरलेल्या आणि नंतर थुंकलेल्या.

ही कहाणी मी रचलेली आहे, पण या विभागात काम करणाऱ्या कुणालाही ती ऐकल्यासारखी वाटेल.

मुलगा हट्टी आहे, घरचे निष्काळजी आहेत, असं म्हणून आपण मोकळे होतो. खरी कारणं वेगळी असतात. पहिलं कारण खुद्द आजारातच असतं. ज्या मेंदूने आपण आजारी आहोत हे ओळखायचं, तोच मेंदू आजारी आहे. "मला काही झालेलं नाही" हे त्याचं मनापासूनचं म्हणणं असतं. दुसरं कारण बरं वाटणं. ताप उतरला की क्रोसिन बंद, हा आपला लहानपणापासूनचा शिरस्ता. त्याच न्यायाने आवाज थांबले की गोळी बंद. तिसरं कारण गोळीचा त्रास: अंग ताठरणं, हात थरथरणं, एका जागी बसवेना अशी आतली चुळबुळ, वजन वाढणं, दिवसा ग्लानी. "झोपेच्या गोळ्या आहेत, सवय लागते" हा पारावरचा सल्ला असतोच. आणि एक कारण कुणी उघड बोलत नाही, ते म्हणजे लग्न. आजार लपवून मुलीचं लग्न होतं, मग सासरी ती डबी उघडायची कुठे? लग्नानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत गोळी थांबून आजार उलटलेल्या मुली आणि त्यापाठोपाठ माहेरी आणून सोडलेल्या मुली, हे आपल्या समाजाचं फार जुनं आणि फार निर्दय दुखणं आहे.

गोळी थांबली तर काय होतं, याचा अभ्यास भरपूर झालेला आहे. 2012 मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात जुन्या-नव्या चाचण्यांचा एकत्रित हिशेब आला. औषध चालू ठेवलेल्यांपैकी वर्षभरात 27 टक्के लोकांचा आजार उलटला, औषधाऐवजी नुसती पोकळ गोळी दिलेल्यांपैकी 64 टक्के लोकांचा. म्हणजे औषध घेऊनही काहींचा आजार उलटतो, हे मान्य केलं पाहिजे. पण न घेणाऱ्यांची गत दुपटीहून वाईट असते. प्रत्येक वेळी आजार उलटल्यानंतर माणूस पूर्वीच्या ठिकाणी परत येतोच असं नाही. कॉलेज सुटतं, नोकरी जाते, मित्र पांगतात, आणि त्या गोष्टी गोळीने परत मिळत नाहीत.

गोळी घेतली जाते किती, याचा सगळ्यात स्वच्छ हिशेब फिनलंडने दिला. तिथे दाखल होणारा प्रत्येक रुग्ण आणि औषधाच्या दुकानातून उचललेली प्रत्येक चिठ्ठी सरकारी नोंदीत असते. स्किझोफ्रेनियासाठी पहिल्यांदाच दाखल झालेल्या 2,588 रुग्णांचा माग तिथल्या यारी टीहोनेन आणि सहकाऱ्यांनी काढला आणि 2011 मध्ये छापला. घरी सोडल्यावर पहिल्या तीस दिवसांत औषध उचलणारे निघाले 58.2 टक्के. सुरू केलेलं औषध महिनाभर किंवा त्याहून जास्त चालवणारे 45.7 टक्के. हा देश श्रीमंत, उपचार जवळजवळ फुकट, दवाखाने दाराशी. तिथेही निम्म्याहून जास्त लोकांचं औषध महिनाभरात सुटलं. मग ढेबेवाडीच्या पुढे डोंगरात राहणाऱ्या आईला आपण कशाचा दोष द्यायचा?

आता सुईकडे येऊ. खेड्यात इंजेक्शनला सुईच म्हणतात आणि मला तो शब्द आवडतो.

या आजारावरचं पहिलं खरं औषध क्लोरप्रोमझीन. पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात जाँ दिले आणि पिएर दनिकेर यांनी 1952 मध्ये ते मनोरुग्णांना देऊन पाहिलं, आणि वर्षानुवर्षं कोंडून ठेवलेली माणसं घरी जाऊ लागली. घरी गेली आणि गोळ्या सोडून परत आली. त्यामुळे दहा-पंधरा वर्षांतच, 1960 च्या दशकात, अंगात मुरत राहणारं इंजेक्शन तयार करण्यात आलं: आधी फ्लुफेनझीन एनँथेट, पाठोपाठ फ्लुफेनझीन डेकॅनोएट. पुढे हॅलोपेरिडॉल डेकॅनोएट आलं. आपल्याकडे अजूनही मोठा आधार याच दोन जुन्या औषधांचा आहे, कारण ती स्वस्त आहेत.

डेकॅनोएट हा शब्द अवघड वाटतो, पण त्यामागची युक्ती घरगुती आहे. औषधाच्या रेणूला डेकॅनॉइक आम्ल नावाच्या मेदाम्लाची शेपटी जोडतात. हे मेदाम्ल खोबरेल तेलात आणि शेळीच्या दुधात असतं. शेपटी जोडली की औषध पाण्यापेक्षा तेलात रमतं. मग ते तिळाच्या तेलात विरघळवतात. हो, आपल्या संक्रांतीच्या तिळाच्या तेलात. ते तेल जाड, म्हणून सुईही जरा जाड लागते आणि ती कमरेत खोल स्नायूत द्यावी लागते. तिथे तेलाचा छोटा साठा बसतो. त्यातून औषध थोडं थोडं रक्तात झिरपतं, रक्तातली विकरं ती शेपटी तोडतात आणि मूळ औषध मोकळं होतं. म्हणूनच ही सुई घेतल्यावर जागा चोळायची नसते. चोळण्याचा मोह प्रत्येकाला होतो, पण साठा निवांत राहिला तरच तो नीट झिरपतो.

नव्या औषधांत तेल नाही. रिस्पेरिडोनच्या इंजेक्शनात औषध बारीक गोळ्यांत कोंडलेलं असतं आणि त्या गोळ्यांचं द्रव्य आपोआप विरघळणाऱ्या टाक्यांच्या जातीचं असतं. टाके जसे अंगात हळूहळू विरतात, तशा या गोळ्या विरतात. पॅलिपेरिडोनला पाल्मिटिक आम्लाची जोड देऊन अतिसूक्ष्म कण बनवतात, ते पाण्यात सहजी विरघळत नाहीत आणि नेमका तोच फायदा. अमेरिकेत त्याची महिन्याची सुई 2009 मध्ये मान्य झाली, तीन महिन्यांची 2015 मध्ये आणि सहा महिन्यांची 2021 मध्ये. ही औषधं महाग आहेत. अनेक घरांना न झेपणारी.

रक्तात काय घडतं ते समजायला मलकापूरकरांइतका जाणता वाचक दुसरा नाही. या गावाचं नाव गाजलं ते चोवीस तास पाण्याच्या योजनेमुळे. त्याआधीचे दिवस ज्यांना आठवतात, आणि आजही ज्या गावांत पाणी दिवसाआड सुटतं तिथल्या बायकांना, नळाची वेळ चुकली की दिवस कसा जातो हे सांगावं लागत नाही. गोळी ही रोज ठरल्या वेळी येणाऱ्या पाण्यासारखी. हंडे भरून ठेवले तर काही अडत नाही. पण भरण्याचं काम रोजचं, आणि ते करणारा माणूस रोज शुद्धीत, घरात आणि मनाने तयार असावा लागतो. सुईने उंचावर एक टाकी बसते आणि धार बारीक पण अखंड राहते.

ही धार का महत्त्वाची? मेंदूत डोपामिन नावाचं रसायन ज्या कुलपांना लागतं, ती कुलपं ही औषधं अडवतात. साधारण 65 टक्के कुलपं अडली तर आवाज आणि संशय ओसरतात. 80 टक्क्यांच्या आसपास गेलं की अंग ताठरायला लागतं. म्हणजे उपयोग आणि त्रास यांच्यामधली पट्टी अरुंद आहे. दोन दिवस गोळी चुकवली आणि तिसऱ्या दिवशी धाकाने दोन घेतल्या, तर माणूस या पट्टीच्या खालीवर हेलपाटत राहतो. एखादी गोळी चुकल्याने आभाळ कोसळत नाही, हेही खरं. त्रास होतो तो सलग चुकण्याने, आणि ते सलग चुकणं कुणाला दिसत नाही.

माझ्या मते सगळ्याचा गाभा इथे आहे. चुकलेली गोळी दिसत नाही, चुकलेली सुई दिसते. गोळी थांबली हे डॉक्टरला कळतं तेव्हा माणूस परत दाखल झालेला असतो. सुईची तारीख पंधराची असेल आणि माणूस सोळालाही आला नाही, तर नोंदवहीत रकाना कोरा दिसतो. शिवाय वेळ हातात असतो. हॅलोपेरिडॉल डेकॅनोएट अंगातून निम्मं व्हायला सुमारे तीन आठवडे घेतं. टाकी एका रात्रीत रिकामी होत नाही. फोन करायला, घरी जायला, समजूत काढायला काही दिवस मिळतात. शिवाय "औषध घेऊनही आजार उलटला की औषध न घेतल्यामुळे" या प्रश्नाचं उत्तर मिळतं. गोळीवर असलेल्या माणसाबाबत डॉक्टर चाचपडतो आणि पुष्कळदा नको असताना डोस वाढवतो.

मात्र एक कोडं आहे, ते लपवून पुढे जाणं बरोबर नाही. सुई इतकी सरस असेल तर चाचण्यांत ते ठळक दिसायला हवं. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत 369 रुग्णांवर झालेली मोठी चाचणी 2011 मध्ये छापून आली: चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना रिस्पेरिडोनची सुई, निम्म्यांना गोळ्या. दाखल होण्याच्या प्रमाणात सुई वरचढ ठरली नाही. त्याच वर्षी फिनलंडच्या नोंदवहीने उलटी साक्ष दिली होती: मुरणाऱ्या सुईवर असलेल्यांचा पुन्हा दाखल होण्याचा धोका त्याच औषधाच्या गोळीवाल्यांच्या जवळजवळ एक तृतीयांश. पुढे 2017 मध्ये स्वीडनमधल्या 29,823 रुग्णांच्या नोंदींतूनही सुईच्या बाजूने 20 ते 30 टक्के कमी धोका दिसला. मग खरं कोण?

दोन्ही खरं असू शकतं. चाचणीत येतो कोण, याचा विचार करा. जो सही करतो, ठरल्या तारखेला हजर होतो, ज्याला परिचारिका फोन करते, ज्याच्या गोळ्या मोजल्या जातात. म्हणजे जो मुळातच औषध घेणाऱ्यांपैकी आहे आणि वर ज्याच्याकडे रोज लक्ष आहे. पांघरुणात गोळ्या लपवणारा मुलगा चाचणीत येतच नाही. चाचणीने गोळीवाल्यांना जी राखण दिली, ती घरी कुणाला मिळते? उलट बाजूने नोंदींच्या अभ्यासातही खोट असते, कारण सुई कुणाला द्यायची हे डॉक्टरने निवडलेलं असतं. 2021 मध्ये 137 अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. चिठ्ठ्या टाकलेल्या चाचण्या, नोंदींचे अभ्यास, आणि सुईच्या आधीचं व नंतरचं आयुष्य ताडणारे अभ्यास, या तिन्ही प्रकारांत पारडं सुईकडे झुकलं, चाचण्यांमध्ये थोडं आणि आधी-नंतरच्या तुलनेत पुष्कळ. त्याआधी वर्षभर अमेरिकेतल्या एका चाचणीने शहाणपणाची गोष्ट केली होती. रुग्णांऐवजी दवाखान्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या: काही दवाखान्यांनी आजाराच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या रुग्णांना महिन्याची ॲरिपिप्रझोलची सुई सुचवायची, बाकीच्यांनी नेहमीचे उपचार चालू ठेवायचे. रुग्ण होते 489. दोन वर्षांत सुईच्या दवाखान्यांतले 22 टक्के दाखल झाले, दुसरीकडचे 36 टक्के.

त्या चाचणीतली आणखी एक गोष्ट मला आकड्यांपेक्षा मोलाची वाटते. पात्र रुग्णांपैकी सुई नको म्हणून मागे सरणारे सातांत जेमतेम एक होते. "तरुण पोरं सुईला तयारच होत नाहीत" ही समजूत डॉक्टरांत पक्की आहे. पण तिथल्या कर्मचाऱ्यांना आधी शिकवलं होतं की सुईविषयी बोलायचं कसं. आपल्याकडे सुई निघते ती बहुधा सगळे उपाय थकल्यावर, आणि पुष्कळदा धमकीच्या सुरात: गोळ्या घेतल्या नाहीस तर सुई टोचू. लहानपणी पोराला डॉक्टरची भीती घालावी तसं. अशा रीतीने पुढे आलेली गोष्ट शिक्षा वाटणार, यात नवल नाही. पहिल्या किंवा दुसऱ्या भेटीतच, बाकीच्या पर्यायांबरोबर सरळपणे सांगितली तर चित्र बदलतं.

घरात काय बदलतं, तेही सांगायला हवं. रोजच्या गोळीने आईची पहारेकरीण होते. तोंड उघड, जीभ वर कर, दाखव. पंचवीस वर्षांच्या मुलाला हे दिवसातून दोनदा. काही घरांत मग गुपचूप चहात थेंब घातले जातात किंवा आमटीत गोळी कालवली जाते. त्यामागची अगतिकता मी समजू शकतो. पण ज्याला आधीच वाटतंय की घरचे आपल्याला विष घालतायत, त्याला एक दिवस ते थेंब घालताना दिसले, तर त्याचा संशय खरा ठरतो आणि तो जेवणच सोडतो. सुईने ही रोजची झटापट महिन्यातल्या एका सकाळवर येते. बाकीचे एकोणतीस दिवस आई त्याला नुसतं "जेवलास का?" विचारू शकते.

सुईच्या मर्यादा डॉक्टरने पहिल्याच दिवशी सांगायला हव्यात. दिलेलं औषध परत काढता येत नाही. त्रास झाला तर तो आठवडेच्या आठवडे सोसावा लागतो, म्हणून तेच औषध आधी गोळीच्या रूपात देऊन सोसतंय का ते पाहतात. सुईचा परिणाम सावकाश चढतो. हॅलोपेरिडॉल डेकॅनोएटची पातळी स्थिरावायला दोन ते चार महिने जातात, तोवर गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. "आता सुई घेतली ना, मग गोळ्या कशाला" असं म्हणून याच काळात घोटाळा होतो. अंग ताठरणं, चुळबुळ, वर्षानुवर्षांनी तोंडाच्या किंवा जिभेच्या आपोआप हालचाली सुरू होणं, हे त्रास सुईनेही होतात. काही औषधांनी बायकांची पाळी थांबते, मूल नसताना दूध येतं. हे लाजेने सांगितलं जात नाही आणि म्हणून विचारलं पाहिजे. ओलान्झपीनच्या मुरणाऱ्या सुईनंतर क्वचित एकदम भ्रम आणि गुंगी येते, म्हणून तीन तास दवाखान्यात थांबवून घ्यावं लागतं. आणि क्लोझपीन, जे दुसरी औषधं लागू न पडलेल्यांचा शेवटचा आणि फार मोठा आधार आहे, त्याची मुरणारी सुईच नाही. ते गोळीनेच घ्यायचं आणि रक्त तपासत राहायचं. थोडक्यात, गोळी नियमित घेणाऱ्या आणि तिच्यावर सुखी असलेल्या माणसाला उगाच सुई लावायचं कारण नाही. कुणीही आपल्या मनाने एकीकडून दुसरीकडे जाऊ नये.

चौघांनी धरून सुई द्यायची की नाही, हा प्रश्न यापलीकडचा आहे. अगदी टोकाच्या क्षणी, जीव धोक्यात असताना, दवाखान्याला काही करावं लागतं आणि कायदा त्याची चौकट घालून देतो. पण मुरणारी सुई ही त्या क्षणाची गोष्टच नव्हे. ती महिन्यामागून महिने घ्यायची, आणि ते संमतीशिवाय चालत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला एक चांगली सोय दिली आहे. बरा असताना त्याने लेखी लिहून ठेवायचं की पुढे माझी शुद्ध हरपली तर मला कोणते उपचार चालतील, कोणते नाहीत, आणि माझ्या वतीने कोण बोलेल. हा हक्क फार थोड्या घरांना माहीत आहे. सुईची चर्चा करायला ही उत्तम वेळ, कारण तेव्हा निर्णय तो स्वतः घेत असतो.

सुई कितीही चांगली असली, तरी ती द्यायला माणूस लागतो आणि चुकलेली तारीख बघायलाही माणूसच लागतो. इथे साताऱ्याने काही करून दाखवलं आहे, आणि ते साताऱ्यातच फारसं कुणाला ठाऊक नाही. गोवा, तमिळनाडूतलं कांचीपुरम आणि आपला सातारा अशा तीन ठिकाणी 2009-10 मध्ये एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2014 मध्ये लॅन्सेटमध्ये आले. सुदिप्तो चॅटर्जी, विक्रम पटेल यांच्यासह लिहिणाऱ्यांत साताऱ्यातले मनोविकारतज्ज्ञ डॉ. हमीद दाभोलकर होते. स्किझोफ्रेनिया असलेले 282 जण त्यात सहभागी झाले. त्यातल्या 187 जणांना नेहमीच्या उपचारांबरोबर गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांची साथ मिळाली. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते, परिचारिकाही नव्हते. त्यांना काही आठवडे शिकवलं होतं. ते घरी जात, औषधाविषयी बोलत, अडचणी ऐकत, कामधंदा आणि सरकारी मदत यांचा मार्ग दाखवत. वर्षाअखेर या गटाचं रोजच्या जगण्यातलं अपंगत्व दुसऱ्या गटापेक्षा कमी झालं होतं. आजाराच्या लक्षणांतला फरक लहान होता. सगळ्यात स्पष्ट फायदा कांचीपुरमच्या ग्रामीण भागात दिसला, जिथे आधी सेवा सगळ्यात तोकडी होती. मला हा निकाल मोठा वाटतो, कारण तो फुगवलेला नाही. दारात येणाऱ्या माणसाने चमत्कार होत नाही, पण तो जिथे कुणीच जात नाही तिथे सगळ्यात जास्त लागतो.

सुई आणि दारात येणारा माणूस, या दोन्ही गोष्टी जोडायला आपल्याला नवं काही शोधावं लागणार नाही. बाळाचा डोस चुकला तर उपकेंद्राच्या सिस्टरच्या नोंदवहीत ते दिसतं आणि आशाताई दारात उभ्या राहतात. पाटण-शिराळ्याच्या वाड्यावस्त्यांपर्यंत हे घडतं आणि त्याबद्दल कुणाला लाज वाटत नाही. निदान आणि डोस मलकापूरच्या किंवा जिल्हा रुग्णालयाच्या डॉक्टरने ठरवावा, आणि महिन्याची सुई गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळावी. त्याच नोंदवहीत तिचा एक रकाना असावा. तारीख टळली तर एक फोन जावा. फ्लुफेनझीनची मुरणारी सुई जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे, म्हणजे मागणी काही चैनीची नाही. घरच्यांनाही विचारायला कुणी लागतं. त्यासाठी 14416 हा टेली-मानसचा फुकट क्रमांक 2022 पासून आहे, मराठीत बोलता येतं. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था आहे. कॅनडात प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला हा आजार होता, त्या अनुभवातून त्यांनी ती उभी केली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा 2004 चा चित्रपट त्यांच्याच पुढाकारातून झाला. त्यात अतुल कुलकर्णींच्या शेषइतकीच त्याला सांभाळणारी बहीण लक्षात राहते. घरातलं बाकीचं जगणं बाजूला सारून एका माणसाभोवती फिरणारं घर कसं दिसतं, हे तिच्याकडे पाहून कळतं.

त्या पाटण खोऱ्यातल्या घरी परत जाऊ. मुलगा दुसऱ्यांदा दाखल झाला, बरा झाला, आणि या वेळी घरी सोडण्याआधी डॉक्टरने त्याला बसवून विचारलं: रोज गोळी की महिन्याला सुई? त्याने दोन दिवस मागून घेतले. कमरेत की दंडात, दुखतं किती, घेऊन त्याच दिवशी शेतावर जाता येतं का, असे प्रश्न विचारले. आता स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर गॅसच्या टाकीच्या आणि दुधाच्या नोंदींशेजारी महिन्यातल्या एका तारखेला निळ्या पेनाने गोल असतो. तो त्यानेच केलेला आहे. आदल्या रात्री आई केस पेपर पिशवीत घालून ठेवते. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून तीही बरोबर जाते. फाट्यावर उतरल्यावर तो पुढे चालतो आणि ती मागून.